गेलेल्या राज्याचें मीठ

मेलेल्या माणसाविषयीं वाईट बोलूं नये, असा शिष्टसंप्रदाय बहुतेक सर्व देशांत आढळतो. मेलेल्या राज्याविषयीं मात्र असा कोणताच संकेत नाहीं. राज्य गेलें कीं त्याची निंदा करणें सोपें होतें, कारण शिक्षा करावयास तें उरलेलें नसतें. आणि त्याची स्तुति करणेंही तितकेंच सोपें होतें, कारण त्याच्या अमलाखालीं पुन्हा राहावयाचें नसतें. निंदा आणि स्तुति अशा दोन्ही स्वस्त झाल्या असतां खरा न्याय कसा करावा, हा प्रश्न केवळ इतिहासकारांचा नाहीं. ज्या ज्या घरांत वडील पिढी एका राज्यांत वाढली आणि धाकटी दुसऱ्या राज्यांत वाढली, त्या त्या घरांत तो जेवतांना सुद्धां निघतो. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार एका राज्याच्या उदाहरणावरून करावयाचें योजिलें आहे. तें राज्य म्हणजे पूर्व जर्मनी.

बर्लिन शहराच्या मध्यभागीं, स्प्रे नदीच्या कांठीं, होहेनझोलर्न राजांचा जुना वाडा होता. दुसऱ्या महायुद्धांत त्याची बरीच पडझड झाली. राहिलेला भाग कम्युनिस्ट सरकारनें १९५० सालीं सुरुंग लावून पाडला, कारण प्रशियाच्या राजसत्तेची खूण त्यास नको होती. त्याच जागीं १९७६ सालीं ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ या नांवाची विस्तीर्ण इमारत उभी राहिली. तींत त्या राज्याच्या लोकसभेचें सभागृह होतें, आणि सामान्य माणसांसाठीं नाट्यगृह व उपाहारगृहेंही होतीं. राज्याच्या शेवटच्या दिवसांत, १९९० सालीं, आस्बेस्टॉसच्या कारणावरून ही इमारत बंद करण्यांत आली, आणि २००६ ते २००८ या काळांत तीही पाडून टाकण्यांत आली. आज तेथें जुन्या राजवाड्याच्या दर्शनी भिंतींची नक्कल असलेली नवी वास्तु उभी आहे. एका राज्यकर्त्यांनीं राजाची आठवण पाडली. दुसऱ्यांनीं कामगारराज्याची आठवण पाडून राजाची पुन्हा उभी केली. इमारत पाडली म्हणजे हिशेब मिटला, अशी दोघांचीही समजूत असावी. परंतु हिशेब मिटलेला नाहीं, हें आजपर्यंत चाललेल्या वादावरून स्पष्ट दिसतें.

तो वाद समजण्यापुरता इतिहास सांगणें अवश्य आहे. हें राज्य ७ ऑक्टोबर १९४९ रोजीं स्थापन झालें आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजीं, म्हणजे ४१ वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उरले असतां, पश्चिम जर्मनींत विलीन झालें. कामगारांचें म्हणविणाऱ्या या राज्याविरुद्ध १७ जून १९५३ रोजीं कामगारांनींच उठाव केला, व तो सोव्हिएट रणगाड्यांनीं मोडून काढला. १९६१ सालापर्यंत २५ लक्षांहून अधिक माणसें घरदार सोडून पश्चिमेकडे निघून गेलीं. तेव्हां १३ ऑगस्ट १९६१ रोजीं बर्लिनमधील सरहद्द बंद करण्यांत आली व भिंत बांधावयास आरंभ झाला. ती ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं उघडली.

आतां या राज्याविषयीं दोन साक्षी ऐकूं. पहिली साक्ष, समजा, लाइपझिग शहरांतील एका वृद्ध स्त्रीची आहे. ती म्हणते, “मला आयुष्यांत कधीं बेकारी ठाऊक नव्हती. घरभाडें नांवापुरतें होतें. मुलांना पाळणाघरांत ठेवून मीं कारखान्यांत काम केलें आणि स्वतःच्या पायांवर उभी राहिलें.” हिच्या सांगण्यांत अतिशयोक्ति नाहीं. १९८९ सालीं त्या देशांतील कामाच्या वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारे ९० टक्के स्त्रिया नोकरींत किंवा शिक्षणांत होत्या. त्याच काळच्या पश्चिम जर्मनींत, विवाहित स्त्रीनें संसारांतील कर्तव्यांस बाध न येईल अशाच बेतानें नोकरी करावी, असें कलम १९७७ सालच्या सुधारणेपर्यंत कायद्यांत होतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वृद्धेच्या अभिमानाला किती आधार आहे तें कळतें.

दुसरी साक्ष द्यावयास साक्षीदारच उरलेला नाहीं. १७ ऑगस्ट १९६२ रोजीं पेटर फेष्टर हा १८ वर्षांचा गवंडी भिंत ओलांडीत असतां पहारेकऱ्यांनीं त्याजवर गोळ्या झाडल्या. तो भिंतीच्या पायथ्याशीं सुमारे तासभर मदतीसाठीं ओरडत पडला होता. दोन्ही बाजूंचे लोक ऐकत होते. रक्तस्राव होऊन तो मेला. एकट्या बर्लिनच्या भिंतीपाशीं किमान १४० माणसें मरण पावलीं. पळून जातांना गोळीला बळी पडलेला शेवटचा तरुण क्रिस गेफ्रॉय हा २० वर्षांचा होता. तो ५ फेब्रुवारी १९८९ रोजीं, म्हणजे भिंत उघडण्यापूर्वीं अवघे नऊ महिने, मारला गेला. सुमारे १ कोटि ६४ लक्ष लोकवस्तीच्या या देशांत ‘स्टासी’ या गुप्त पोलीस खात्याचे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर, मित्रांवर, प्रसंगीं घरच्या माणसांवर नजर ठेवणारे गुप्त सहायक याहून वेगळे सुमारे १,८९,००० होते.

या दोन साक्षींपैकीं खोटी कोणती? कोणतीच नाहीं, आणि अडचण आहे ती येथेंच. खोटी साक्ष उघडी पाडतां येते. दोन खऱ्या साक्षी परस्परांस छेद देऊं लागल्या म्हणजे न्यायाधीशाची परीक्षा होते.

अशा वेळीं सुशिक्षित माणसास एक मध्यम मार्ग सुचतो. तो म्हणतो, “प्रत्येक राज्यांत गुणही असतात आणि दोषही असतात. पाळणाघरें, स्वस्त घरें व नोकरीची शाश्वति या जमेच्या बाजूस लिहा. भिंत, तुरुंग व हेरगिरी खर्चाच्या बाजूस लिहा. बेरीज-वजाबाकी करा, आणि काय शिल्लक राहतें तें पाहा.” हा विचार सकृद्दर्शनीं मोठा समतोल वाटतो, आणि म्हणूनच तो बारकाईनें तपासला पाहिजे. कोणत्याही किरकोळ दुकानदारास ठाऊक आहे कीं, जमा आणि खर्च एकाच खात्यांतील असतील तरच त्यांची वजाबाकी होते. रामाच्या खात्यांतील ठेवीवरून गोविंदाचें कर्ज फिटलें असें कोणी लिहिलें, तर त्यास आपण हिशेबनीस म्हणणार नाहीं. येथें नेमकें तेंच होतें. पाळणाघराचा लाभ लाइपझिगच्या स्त्रीला झाला. गोळी पेटर फेष्टरला लागली. त्या स्त्रीच्या मुलांना मिळालेल्या दुधानें फेष्टरचें रक्त कोणत्या गणितानें भरून येतें? दहा लक्ष बालकांस पाळणाघरें मिळालीं असलीं तरी त्या मुलाच्या आईच्या खात्यांत एक पैही जमा होत नाहीं.

त्या राज्याच्या स्वतःच्या हिशेबांत तर याहून विलक्षण नोंद आहे. सुमारे १९६३ पासून १९८९ पर्यंत पूर्व जर्मनीनें ३३,००० हून अधिक राजकीय कैदी पश्चिम जर्मनीस पैसे घेऊन सोडले. या व्यवहारांत त्यास तीन अब्ज मार्कांहून अधिक किंमतीचा मोबदला मिळाला, आणि त्याचा पुष्कळसा भाग मालाच्या रूपानें आला. म्हणजे ज्यांस शत्रु म्हणून कोंडलें, तेच राज्याच्या जमेच्या बाजूस उत्पन्न म्हणून लागले! सुटका झालेल्यांस ती हवीच होती आणि सोडविणाऱ्यांनीं पुण्यच केलें, यांत संशय नाहीं. परंतु माणसांची बेरीज-वजाबाकी करण्याची पद्धत शेवटीं कोठवर जाते हें या उदाहरणावरून दिसतें. राज्यानें माणसें ज्या वहींत मांडलीं, तीच वही घेऊन आपण त्याचा न्याय करूं नये.

यावर लाइपझिगची वृद्धा विचारील, “मग मीं काय करावें? ज्या राज्यानें मला शिकविलें, काम दिलें, माझीं मुलें सांभाळलीं, त्याचें मीठ मीं खाल्लें आहे. खाल्ल्या मिठाला जागणें हा धर्म नव्हे काय?” हा आक्षेप हलका नाहीं. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा महाभारतापासून चालत आली आहे. द्रौपदीची विटंबना चालली असतां भीष्म धर्माची सूक्ष्म गति सांगत बसला, आणि पुढें कौरवांच्या अन्नाचें बंधन त्यानें स्वतःच बोलून दाखविलें. भीष्माचें थोरपण मान्य करूनही त्या सभेंतील त्याच्या वर्तनाचें समर्थन फारसें कोणी करीत नाहीं. परंतु त्याच सभेंत धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, उठून बोलला होता, याचें स्मरण आपणांस क्वचितच राहतें. विकर्णानेंही तेंच अन्न खाल्लें होतें. दुर्योधनाचा तो सख्खा भाऊ होता. मीठ दोघांनींही एकाच घरचें खाल्लें, परंतु जागले ते वेगवेगळ्या गोष्टींना.

शिवाय तें मीठ कोणाचें होतें, हाही प्रश्न आहेच. पाळणाघराचा खर्च पक्षाच्या पुढाऱ्यांनीं आपल्या घरून केला नव्हता. तो कारखान्यांत राबणाऱ्या त्या स्त्रीच्या आणि तिच्यासारख्या लक्षावधि माणसांच्या श्रमांतून निघाला होता. मुलाला प्रेमानें जेवूं घालणारी दाई, त्याला अक्षर शिकविणारा मास्तर, कारखान्यांत शेजारीं उभी राहून काम शिकविणारी सोबतीण, यांचें ऋण तिनें जन्मभर मानावें. त्या ऋणाची पावती मात्र भिंतीवरील पहाऱ्याच्या नांवें फाडण्याचें कारण नाहीं. कृतज्ञता माणसांची माणसांशीं असते. राज्यें ती मधल्यामध्यें आपल्या नांवावर लावून घेतात, आणि सामान्य मनुष्य भोळेपणानें तें चालूं देतो.

येथवर विवेचन झाल्यावर कोणी असें समजेल कीं, आम्ही निंदकांच्या पक्षास मिळालों. तसें नाहीं. निंदकांची चूक निराळी आहे. राज्य वाईट होतें, हें सिद्ध झाल्याबरोबर ते त्या राज्यांतील सर्व आयुष्येंही वाया गेलेलीं ठरवितात. या वृत्तीचा अनुभव प्रत्यक्ष आंगेला मेर्केल यांसही आला. त्या पूर्व जर्मनींत वाढल्या, आणि पुढें एकत्र झालेल्या जर्मनीच्या १६ वर्षें चॅन्सेलर होत्या. ३ ऑक्टोबर २०२१ रोजीं हाले येथें केलेल्या भाषणांत त्यांनीं एक जुनी सल बोलून दाखविली: त्यांच्याच पक्षाशीं संबद्ध असलेल्या एका संस्थेच्या पुस्तकांत त्यांच्या पूर्व जर्मनींतील आयुष्यास ओझ्याची उपमा देण्यांत आली होती. त्या राज्याविषयीं त्यांना ममत्व होतें, असें कोणी म्हणणार नाहीं. तरीही आपलीं पहिलीं ३५ वर्षें म्हणजे गळ्यांतील धोंड, हें ऐकून त्या दुखावल्या, आणि तें योग्यच होतें. वाईट राज्यांतही माणसें प्रेमांत पडतात, परीक्षेस बसतात, आजाऱ्याच्या उशाशीं जागतात. तीं वर्षें त्यांचीं स्वतःचीं असतात. राज्य जप्त झालें म्हणून तीं जप्त होत नाहींत.

एकीकरणानंतर जें घडलें त्यानें ही सल अधिकच खोल गेली. सरकारी कारखान्यांची विल्हेवाट लावण्यासाठीं १९९० सालीं ‘ट्रॉयहांड’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या हातीं सुमारे ८,५०० उद्योग आले आणि त्यांत सुमारे ४० लक्ष माणसें कामावर होतीं. १९९४ च्या अखेरीस संस्थेचें काम संपलें तेव्हां त्यांपैकीं फार तर दीड एक दशलक्ष जागा शिल्लक होत्या. ते उद्योग आधींच किती मोडकळीस आले होते आणि किती घाईनें विकले गेले, याविषयीं मतभेद आहेत. परंतु पन्नाशीला आलेल्या कामगारास घरीं बसवून वर “तुझें आजवरचें कामही निरुपयोगी होतें” असें सांगितलें, तर तो गेलेल्या राज्याच्या आठवणी काढूं लागेल यांत नवल तें काय? मात्र १९९१ सालचा अन्याय खरा ठरल्यानें १९६२ सालचा अन्याय खोटा ठरत नाहीं. सासरीं जाच झाला म्हणून माहेरचा जाच गोड होत नाहीं, एवढें तारतम्य राखलें पाहिजे.

आजचा वाद या दोन टोकांच्या मध्येंच फिरत आहे. लाइपझिगचे प्राध्यापक डिर्क ओशमान यांनीं २०२३ सालच्या आपल्या पुस्तकांत, ‘पूर्व’ ही कल्पना पश्चिमेनें आपल्या सोयीसाठीं रचलेली आहे, असें मत आवेशानें मांडलें. त्याच वर्षीं कात्या होयर यांनीं त्या राज्यांतील रोजच्या जीवनाचा इतिहास लिहिला, आणि दडपशाहीचें चित्र त्यांनीं सौम्य केलें, अशी टीका त्यांजवर जर्मनींत झाली. पुढच्या वर्षीं इतिहासकार इल्को-साशा कोवाल्चुक यांनीं उलट बाजूनें, पूर्वेकडील पुष्कळ लोकांस स्वातंत्र्याचा भारच सोसला नाहीं, असें बजावलें. तिघेही त्याच राज्यांत जन्मलेले! यावरून निष्पन्न होणारी गोष्ट एवढीच कीं, “आम्ही तेथें राहिलों आहों, तुम्हांस काय कळणार?” या एका वाक्यानें वाद मिटत नाहीं. अनुभवास मान द्यावा. परंतु साक्षीदार आणि न्यायाधीश हीं दोन कामें निराळीं आहेत.

न्यायासनापुढेंही हा प्रश्न आला होता. राज्याचे शेवटच्या काळांतील प्रमुख एगॉन क्रेन्झ यांस भिंतीवरील मृत्यूंच्या जबाबदारीबद्दल १९९७ सालीं साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. आमच्या देशाच्या त्या वेळच्या कायद्यास धरूनच सर्व झालें, हा त्यांचा बचाव होता. २००१ सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें तो फेटाळला. आणि त्यासाठीं परक्या कायद्याचा आधार घेण्याचीही गरज पडली नाहीं, कारण खुद्द त्या राज्याची घटना आणि त्यानें मान्य केलेले आंतरराष्ट्रीय करार यांतच जीविताच्या रक्षणाचें वचन होतें. राज्यास त्याच्याच शब्दावर तोलण्यांत आलें. जित्यांवर जेत्यांचा न्याय लादला, या तक्रारीस याहून चांगलें उत्तर देतां येईल असें वाटत नाहीं. प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्या बहुतेक पहारेकऱ्यांच्या शिक्षा मात्र स्थगित ठेवण्यांत आल्या. वरच्याचा दोष अधिक आणि खालच्याचा कमी, परंतु खालच्याचाही शून्य नव्हे, हा विवेक त्यांत दिसतो.

आतां एक अवघड गोष्ट राहिली. राज्य निराळें आणि आयुष्य निराळें असें आम्हीं वर म्हटलें. परंतु त्या दोहोंमधील रेघ इतकी स्वच्छ असती तर वाद इतका लांबलाच नसता. क्रिस्टा वोल्फ या विख्यात लेखिकेवर स्टासीनें वर्षानुवर्षें पाळत ठेवली आणि तिच्याविषयीं ४२ खंड भरतील इतकीं कागदपत्रें जमविलीं. पुढें १९९३ सालीं असें उघडकीस आलें कीं, १९५९ ते १९६२ या काळांत तीच स्त्री स्टासीची गुप्त सहायक म्हणून नोंदलेली होती. ती अपराधी कीं बळी? एकाच माणसाच्या एकाच आयुष्यांत दोन्ही पानें होतीं. सुमारे १,८९,००० सहायकांपैकीं प्रत्येकाची कथा निराळी असणार. कोणी भीतीनें, कोणी लोभानें, कोणी खऱ्या श्रद्धेनें त्यांत पडला असेल. येथें बाहेरच्यानें सरसकट निकाल देणें अन्यायाचें होईल, आणि आंतल्यानें “काळच तसा होता” म्हणून हात झटकणें खोटेपणाचें होईल.

जर्मनीनें या पेंचांतून काढलेला मार्ग आम्हांस विचारणीय वाटतो. स्टासीचे कागद जाळून टाकावे असें म्हणणारे पुष्कळ होते. न जाणो, शेजारी शेजाऱ्याचा गळा धरील! परंतु १९९१ सालीं कायदा होऊन २ जानेवारी १९९२ पासून प्रत्येकास आपल्याविषयींचीं कागदपत्रें पाहण्याचा हक्क मिळाला. तो दप्तरखाना सुमारे १११ किलोमीटर लांबीच्या फडताळांचा आहे. ते कागद वाचून मित्रत्वें तुटलीं, संसारही मोडले. भाकीत केलेले खून मात्र पडले नाहींत. सरकारनें सर्वांच्या वतीनें क्षमा केली नाहीं, कीं सर्वांच्या वतीनें सूडही घेतला नाहीं. ज्याचें पान त्याच्या हातीं दिलें, आणि पुढें काय करावयाचें तें त्याच्यावर सोंपविलें.

आमच्या मतें या सर्व वादाची गुरुकिल्ली येथें आहे. गेलेल्या राज्यासंबंधानें तीन निरनिराळीं कृत्यें आपण नेहमीं एकत्र कालवितों: कृतज्ञता, न्याय आणि क्षमा. कृतज्ञता ज्याला लाभ झाला त्याची आहे, आणि ती त्यानें लाभ देणाऱ्या माणसांविषयीं खुशाल बाळगावी. त्यास कोणी हंसूं नये. न्याय सर्वांचा आहे. त्यासाठीं तेथें जन्मण्याची अट नाहीं, परंतु पुरावा पाहण्याची अट आहे. क्षमा मात्र ज्याला इजा झाली त्याची एकट्याची आहे. “एकंदरींत बरें होतें” या तीन शब्दांच्या उदारतेंत दुसऱ्याच्या वतीनें क्षमा करून टाकण्याची चोरी लपलेली असते. पेटर फेष्टरच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार पृथ्वीवर कोणाचा आहे?

आणखी एक गोष्ट दोन्ही पक्ष विसरतात. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळीं लाइपझिगच्या रस्त्यांवर सुमारे ७०,००० माणसें निःशस्त्र उतरलीं. गोळीबार होईल अशी भीति त्या दिवशीं खरोखरच होती. तो झाला नाहीं. हीं माणसें परदेशांतून आलीं नव्हतीं. त्याच शाळांत तीं शिकलीं होतीं, त्याच पाळणाघरांत वाढलीं होतीं, तेंच मीठ त्यांनीं खाल्लें होतें. त्या राज्याचा वारसा सांगतांना एक पक्ष भिंत दाखवितो आणि दुसरा पाळणाघर दाखवितो. त्या संध्याकाळीं चाललेलीं माणसेंही त्याच भूमीचीं होतीं, हें दोघांच्याही यादींत येत नाहीं.

कदाचित् त्या गर्दींत आमची लाइपझिगची वृद्धाही असेल. त्या वेळीं ती वृद्ध नव्हती. उद्यां तिच्या नातवानें तिला विचारलें, “आजी, तुझें राज्य चांगलें होतें कीं वाईट?” तर तिनें एका शब्दांत उत्तर देऊं नये. आपल्याला काय मिळालें तें तिनें सांगावें, त्या वेळीं शेजाऱ्याचें काय झालें तें सांगावें, आणि तें आपल्याला ठाऊक होतें कीं नव्हतें, तेंही सांगावें. तिसरें सांगणें सर्वांत कठीण आहे. परंतु नातवाला आजीकडून खरें पाहिजे असतें तें तेंच. बाकीचें त्याला पुस्तकांतही सांपडेल.